सरहद्द आणि आकाश

आष्टी या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. इतिहासाच्या वाचकास आष्टी म्हटले की १८१८ सालची लढाई आणि तीत धारातीर्थी पडलेले सेनापती बापू गोखले यांचे स्मरण होते. ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. प्रस्तुत विषयाशी जिचा संबंध आहे ती आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यास खेटून आहे. बालाघाटाच्या उताराचा हा मुलूख. पाऊस बेताचा, जमीन कोठे काळी तर कोठे मुरमाड, आणि माणसे कष्टाळू. १९४८ सालच्या सप्टेंबर महिन्यापर्यंत या तालुक्याची पश्चिमेकडील शीव ही नुसती तालुक्याची शीव नव्हती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे मुंबई प्रांत, अशी ती दोन राज्यांची सरहद्द होती.

या सरहद्दीवर निसर्गाने भिंत घातलेली नाही. काही अंतर सीना नदी सीमेचे काम करते. एरवी एका राज्यातले शेत संपून दुसऱ्या राज्यातले कोठे सुरू झाले हे परक्या माणसास सांगता येऊ नये, इतकी ती सलग. दोन्हीकडची भाषा एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत. तरीसुद्धा अलीकडे हाली रुपया चाले व पलीकडे कलदार. अलीकडे दरबारची भाषा उर्दू व पलीकडे कचेरीत मराठी-इंग्रजी. आणि माल घेऊन जाणाऱ्यास करोडगिरीच्या नाक्यावर थांबून जकात भरावी लागे. भूमीवरील राज्यसत्ता ही अशी असते. नाका, चौकी, शिपाई आणि पावती यांच्या रूपाने ती प्रजेस दिसते.

या मुलखात युद्धाची आठवणही जुनी आहे. आष्टीच्या आग्नेयेस पंचवीस मैलांच्या आत खर्डा हे गाव आहे. ११ मार्च १७९५ रोजी तेथे मराठ्यांच्या एकवटलेल्या फौजांनी निजामअलीचा पराभव केला. त्यानंतर निजामअली खर्ड्याच्या गढीत शिरला, मराठ्यांनी त्यास वेढले, पाणी तोडले, आणि थोड्याच अवधीत तहाची बोलणी सुरू झाली. वेढ्याचे शास्त्र पुरातन आहे. किल्ल्यास बाहेरून मदत येऊ द्यावयाची नाही आणि आतील माणसास बाहेर पडू द्यावयाचे नाही, की दगडी तट उभा असूनही किल्ला पडतो. दीडशे वर्षांनंतर, १९४८ साली, निजामाचे अवघे संस्थानच एका परीने वेढ्यात सापडले. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा हा मुलूख चोहोंकडून भारताच्या भूमीने वेढलेला होता. त्यास समुद्रकिनारा नव्हता. परंतु या वेढ्यास एक मोठे भगदाड होते आणि ते भूमीवर नसून आकाशात होते. करोडगिरीचा नाका रस्त्यावर बसतो, आकाशात बसत नाही. त्या भगदाडातून काय आले, काय येऊ शकले नाही, आणि ज्याच्या हाती आकाश होते त्याने त्या सत्तेचा उपयोग कसा केला, याची हकीकत म्हणजे विमानदलाच्या मूलभूत सामर्थ्याचा एक लहानसा, परंतु पूर्ण असा धडा आहे.

विमानदलाचे सामर्थ्य म्हणजे बाँब टाकण्याचे सामर्थ्य अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. विमानदलाची कामे मुख्यतः पाच. पहिले, आकाशावर ताबा ठेवणे, म्हणजे प्रतिपक्षाची विमाने उडू न देणे व आपली निर्वेधपणे उडविणे. दुसरे, टेहळणी; डोंगराआड, नदीपलीकडे किंवा गावकुसामागे काय चालले आहे ते वरून पाहणे आणि त्याची छायाचित्रे घेणे. तिसरे, प्रतिपक्षाची रसद, रस्ते व विमानतळ निकामी करून त्याचे हातपाय बांधणे. चौथे, लढत असलेल्या पायदळास व रणगाड्यांस ऐनवेळी प्रत्यक्ष साहाय्य करणे. आणि पाचवे, वाहतूक. माणसे, दाणागोटा, दारूगोळा व जखमी यांची ने-आण. यांपैकी पहिले काम साधले नाही तर पुढील चार धोक्यात येतात, म्हणून त्यास अग्रस्थान आहे. घरावर छप्पर नसेल तर चूल कितीही चांगली असून उपयोग होत नाही, तसाच हा प्रकार.

भारताच्या विमानदलाचा जन्म ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. १९४८ मध्येही त्याचे नाव ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ असेच होते. ‘रॉयल’ हे बिरुद प्रजासत्ताकाच्या स्थापनेबरोबर, २६ जानेवारी १९५० रोजी, गळाले. फाळणीने या दलाचेही दोन भाग केले होते. त्याची पहिली कसोटी काश्मीरात लागली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांनी शीख पलटणीची पहिली तुकडी श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरविली आणि खोरे वाचले. पुढे पूंछच्या वेढ्यात अडकलेल्या लोकांस याच विमानांनी धान्य व दारूगोळा पोहोचविला, आणि १९४८ च्या मे महिन्यात मेहरसिंग यांनी हिमालयाची शिखरे ओलांडून लेह येथे विमान उतरविले. हैदराबादचा प्रश्न चिघळला त्या वेळी काश्मीरचे युद्ध संपलेले नव्हते. विमानदलाचे लक्ष व सामग्री दोन ठिकाणी वाटली गेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. निजामास विमानांचे महत्त्व कळत नव्हते असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या पैशातून ब्रिटिश विमानदलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला विमाने मिळाली, आणि त्या स्क्वॉड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धात १५२ व २५३ क्रमांकांची स्क्वॉड्रनेही हैदराबादच्या नावाने ओळखली गेली. १५२ च्या बोधचिन्हावर तर निजामाची पगडी झळकत असे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी जो निकराचा संग्राम झाला, त्यात ही दोन्ही स्क्वॉड्रने लढली. हैदराबादेत बेगमपेठ येथे उत्तम विमानतळ होता, डेक्कन एअरवेज ही प्रवासी विमानांची कंपनी होती, आणि हकीमपेठ, बिदर, वरंगळ, औरंगाबाद येथे धावपट्ट्या होत्या. एवढे असून संस्थानास स्वतःचे लढाऊ विमानदल मात्र नव्हते. संस्थानांच्या फौजा इंग्रजांच्या देखरेखीखाली असत. त्यांत घोडदळ व पायदळ असे, पण आकाशाची सत्ता इंग्रजांनी आपल्याच हाती ठेविली होती. ज्या राजाच्या पैशातून लंडनचे आकाश राखण्यास हातभार लागला, त्यास स्वतःच्या राजधानीवरील आकाश राखता येऊ नये, हा दैवदुर्विलास खरा. परंतु परक्याच्या छत्राखाली मिळालेल्या सुरक्षिततेचे मोल हेच असते.

इंग्रज गेले आणि ते छत्रही गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, परंतु दोन्ही पक्षांचे समाधान त्याने झाले नाही. संस्थानात कासीम रझवी यांच्या रझाकारांचे प्राबल्य वाढले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा तीव्र झाला. मराठवाड्याच्या सरहद्दीवरील खेड्यांतून भीतीने घरे सोडलेली कुटुंबे नगर व सोलापूर जिल्ह्यांत आश्रयास आली. गाडीत भांडीकुंडी, मागे जनावरे, आणि घराची कडी लावून देवावर हवाला, असे ते जाणे होते. संस्थानाची नियमित फौज सुमारे बावीस हजार. तिच्यापाशी चिलखती मोटारी होत्या, पण दारूगोळ्याचा तुटवडा होता, आणि भारताने युद्धसामग्रीची वाट बंद केली होती. भूमीवरील वेढा आवळला गेला होता.

अशा वेळी आकाशातील भगदाडाचा उपयोग करावयास एक मनुष्य पुढे आला. त्याचे नाव सिडनी कॉटन. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक सामान्य नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उंचावरून वेगाने उडणाऱ्या विमानातून शत्रुप्रदेशाची छायाचित्रे घेण्याची जी पद्धत ब्रिटिश विमानदलाने अंगीकारली, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. म्हणजे आकाशातून काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्यास पुरते ठाऊक होते. १९४८ च्या उन्हाळ्यापासून त्याने लँकॅस्ट्रियन जातीची मोठी विमाने आणून कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रास्त्रे पोहोचविण्याचा उद्योग आरंभिला. लँकॅस्टर या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचेच हे मालवाहू रूप. रात्रीच्या अंधारात समुद्रावरून व भारताच्या भूमीवरून उडत येऊन ती बिदर, वरंगळ, हकीमपेठ येथे उतरत, आणि बंदुका व दारूगोळा खाली करून परत जात.

भारत सरकारास या फेऱ्यांचा सुगावा लागला होता. ब्रिटनकडे तक्रारही गेली. मग ही विमाने वाटेत का अडविली गेली नाहीत? याचे उत्तर विमानदलाच्या मर्यादांत आहे. भारताचे त्या काळचे मुख्य लढाऊ विमान म्हणजे टेम्पेस्ट. ताशी चारशे मैलांहून अधिक वेग, वीस मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बाँब किंवा अग्निबाण. दिवसाढवळ्या त्यास तोड नव्हती. परंतु रात्री आकाशात दुसरे विमान हुडकून काढणारे यंत्र त्यात नव्हते. ज्याची गस्त सूर्यास्तास संपते त्याच्या शेतात चोरी रात्रीच व्हावयाची. आकाशावरील ताबा ही एकदा मिळवून पेटीत ठेवण्याची वस्तू नसून ती चोवीस तास राखावी लागते, हा या प्रकरणाचा पहिला बोध. कॉटन यास पुढे इंग्लंडच्या न्यायालयाने या उद्योगाबद्दल दंड केला, परंतु तोवर सारे होऊन गेले होते.

तथापि हेही तितकेच खरे की कॉटनच्या विमानांनी जे आणले त्यावरून पारडे फिरले नाही. विमानाच्या पोटात बंदुका मावतात, पण शिक्षण व शिस्त मावत नाही. शिवाय अशी वाहतूक खर्चिक व अनिश्चित असते. राज्याची सर्व गरज भागवावयाची तर रोज शेकडो फेऱ्या हव्यात, आणि त्या दिवसाच्या उजेडात व्हावयास आकाशावर ताबा हवा. हैदराबादपाशी पाचवे सामर्थ्य, म्हणजे वाहतूक, उसनवारीने आले. पहिले सामर्थ्य आलेच नाही.

भारताच्या बाजूसही आकाशाची धास्ती होती, ही गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे. सौदी अरबस्तानात शंभर बाँबफेकी विमाने सज्ज असून ती मुंबईवर घालता येतील, अशी वल्गना त्या काळी हैदराबादच्या बाजूने झाली होती. मुंबई व अहमदाबाद या शहरांवर हवाई हल्ला होईल की काय, ही शंका भारताचे तत्कालीन सरसेनापती जनरल बुचर यांच्याही मनात होती. पाकिस्तानातील एका बैठकीविषयी प्रसिद्ध झालेली हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. हैदराबादवर चढाई झाल्याचे कळताच पंतप्रधान लियाकत अली खान यांनी दिल्लीवर बाँब टाकता येतील काय, असे विचारले. बैठकीतील ब्रिटिश विमान-अधिकाऱ्याने उत्तर दिले की बाँबफेकी विमाने चार, त्यांतील चालू स्थितीत दोन. त्यांपैकी एखादे दिल्लीस पोहोचेल, परत मात्र एकही येणार नाही. बेत तेथेच राहिला. शत्रूच्या नगरीपर्यंत पोहोचण्याचे अंतर आणि परत येण्याचे अंतर ही दोन वेगळी अंतरे आहेत. विमानदलाचे बळ मोजावयाचे ते दुसऱ्या अंतराने.

कारवाईची आखणी पुण्याच्या दक्षिण विभागाच्या मुख्यालयात झाली. जनरल गोडार्ड यांनी मूळ योजना तयार केली. त्यांच्यामागून आलेल्या जनरल राजेंद्रसिंहजी यांनी ती अमलात आणिली. मुख्य रोख दोन. पश्चिमेकडून सोलापूर-हैदराबाद या सुमारे एकशे पंच्याऐंशी मैलांच्या रस्त्याने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे चिलखती दल, आणि पूर्वेकडून बेझवाड्याच्या बाजूने जनरल रुद्र यांची फौज. वायव्येस औरंगाबादच्या दिशेने जनरल ब्रार यांच्या तुकड्या सिद्ध होत्या. टेम्पेस्ट विमानांचा तळ पुण्यास होता. पुणे ते आष्टी हे सरळ रेषेतील अंतर नव्वद मैलांहून कमी. बैलगाडीस चार दिवसांची वाट. ताशी तीनशे मैलांनी चाललेले विमान ती अठरा मिनिटांत तोडते. भूमीवर जी सरहद्द ओलांडावयास नाका लागे, ती वैमानिकाच्या दृष्टीस पडलीही नसती.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे फौजा हलल्या. पावसाळा अद्याप सरला नव्हता. मराठवाड्याची काळी जमीन पावसात कशी होते हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. रस्ता सोडून रणगाडा बाजूस गेला की रुतलाच. म्हणून सारी चाल पक्क्या सडकांवर व पुलांवर अवलंबून होती, आणि प्रतिपक्षाचाही भर पूल उडविणे, खंदक खणणे व सडकेच्या कडेस दबा धरून बसणे यांवर होता. पहिल्याच दिवशी नळदुर्गाजवळ बोरी नदीवरील पूल झपाट्याने हस्तगत झाला. तो उडविण्याच्या कामगिरीवर नेमलेला एक इंग्रज मनुष्य कैद झाला. तुळजापूर दोन तासांच्या चकमकीनंतर पडले. त्याच दिवशी विमानदलाने संस्थानातील बिदर, वरंगळ आदी विमानतळांवर हल्ले केले. रात्री ज्या धावपट्ट्यांवर कॉटनची विमाने उतरत, त्यांवर आता दिवसा बाँब पडले आणि आकाशातील भगदाड बुजले. रात्री विमान हुडकता येत नव्हते, पण ते जेथे उतरते ती जागा दिवसाही हलत नाही. या साध्या विचारात विमानदलाच्या पहिल्या व तिसऱ्या सामर्थ्याचा मेळ आहे.

दुसऱ्या दिवशी, १४ सप्टेंबरास, या मोहिमेतील सर्वांत बोधप्रद प्रसंग घडला. उमरगा येथे मुक्काम केलेले दल राजेश्वरकडे निघावयाचे होते. अंतर सुमारे तीस मैल. हवाई टेहळणीत दिसून आले की वाटेत दबा धरण्याच्या जागा भक्कमपणे खणून तयार आहेत. टेहळणी नसती तर पहिली बातमी मिळाली असती ती पहिल्या गाडीवरील गोळीने. येथे बातमी आधी आली, टेम्पेस्ट विमानांनी त्या जागांवर मारा केला, आणि दुपारी राजेश्वर हाती आले. पाहणे, कळविणे आणि प्रहार करणे या तीन क्रियांची साखळी येथे अखंड राहिली. तिची एक कडी जरी निखळती, म्हणजे पाहिलेले वेळेवर कळविले न जाते किंवा कळविलेल्या ठिकाणी अचूक मारा न होता, तरी विमानाचा वेग व्यर्थ गेला असता. पूर्वेकडील आघाडीवर सूर्यापेठ येथेही तिसऱ्या दिवशी हवाई माऱ्याने संरक्षक फळी बहुतांशी मोडली. तेथून हटताना निजामी फौजेने मुसी नदीवरील पूल उडविला, परंतु दुरुस्ती करणाऱ्यांवर गोळीबार करण्यास कोणी मागे राहिले नाही, आणि पूल लवकरच पुन्हा उभा राहिला.

औरंगाबादेत मुलकी अधिकाऱ्यांनी बाहेर येऊन शरणागती दिली. जालन्याजवळ मात्र झुंज कडवी झाली. बीड जिल्ह्यापुरते पाहिले तर आष्टी पश्चिम टोकास आणि पूर्व टोकास मोमिनाबाद, म्हणजेच अंबाजोगाई. तेथे गोवळकोंडा लान्सर्स ही घोडदळाची नामांकित पलटण होती. १५ सप्टेंबरास तिने नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेविली. १७ सप्टेंबरच्या पहाटे फौजा बिदरमध्ये शिरल्या, आणि त्याच दिवशी सायंकाळी निजामाने युद्ध थांबविल्याचे जाहीर केले. नभोवाणीवरून त्याचा आवाज प्रजेच्या कानी पडला. १८ तारखेस सिकंदराबादजवळ जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे पॅरिस येथे निघाली ती १६ सप्टेंबरास. वादाला तोंड फुटते न फुटते तोच वादविषय संपला होता. मोहीम पाच दिवसांत आटोपली याचा राजकीय अर्थ हा असा आहे.

या यशाचे मोजमाप करताना मात्र तोल सुटता कामा नये. विमानांनी हैदराबाद जिंकले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सडकेवरील पूल पायदळाने घेतले, जहीराबादजवळ पेरलेले सुरुंग माणसांनी हातांनी काढले, आणि गावातून दबा धरून बसलेल्या रझाकारांचा बंदोबस्त विमानांनी नव्हे, तोफांनी केला. तुळजापुराहून लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीस पूर आल्याने अडली; पूर उतरविण्याचे सामर्थ्य कोणत्याही टेम्पेस्टमध्ये नव्हते. शिवाय हा सामना विषम होता. ज्या प्रतिपक्षापाशी एकही लढाऊ विमान नाही, त्याच्याविरुद्ध मिळालेले आकाशाचे स्वामित्व ही तुल्यबळ शत्रूविरुद्धच्या सामर्थ्याची ग्वाही होऊ शकत नाही. इंग्लंडच्या आकाशात १९४० साली हैदराबादच्या नावाची स्क्वॉड्रने लढली, ती खरी कसोटी होती. हैदराबादच्या स्वतःच्या आकाशात १९४८ साली कसोटी झालीच नाही. विमानदलाने येथे जे साधले ते असे की, प्रतिपक्षाचे डोळे बांधलेले व आपले उघडे, त्याचे हात मागे बांधलेले व आपले मोकळे, अशा स्थितीत भूदलास लढू दिले. त्यामुळे युद्ध लांबले नाही, आणि लांबलेल्या युद्धात जी अधिक माणसे मेली असती ती वाचली. ही कामगिरी लहान नव्हे.

परंतु याच हकीकतीचा एक उत्तरभाग आहे, आणि तो गाळून इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारवाईपूर्वी सरहद्दीवरील खेड्यांतून रझाकारांनी जो जुलूम केला, तो विमानास वरून दिसण्याजोगा नव्हता. घराची आडवी फळी कोणी फोडली, कोणाचा मुलगा रात्री कोठे नेला, हे छायाचित्रात उमटत नाही. कारवाईनंतर दैन्य उलट्या दिशेने फिरले. जुनी सत्ता कोसळली होती आणि नवीन सत्तेचे हात प्रत्येक गावापर्यंत पोहोचले नव्हते. त्या मधल्या काळात मराठवाड्याच्या व आजूबाजूच्या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांवर अत्याचार झाले. रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशी असंख्य माणसे त्यांत बळी पडली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानाच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत हिंडून चौकशी केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सत्तावीस ते चाळीस हजार लोक प्राणास मुकले. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांत झाली. त्याखालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबादबरोबर बीडचे नाव आहे. हा अहवाल अनेक दशके सर्वसामान्य वाचकांच्या हाती आला नाही.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे विमानदलाच्या सामर्थ्याची खरी सीमा कळते. विमान फौजेचा रस्ता मोकळा करते. त्या रस्त्याने मागाहून कोण आले व त्याने काय केले, यावर विमानाची सत्ता चालत नाही. ते राज्याचा पराभव पाच दिवसांत करू शकते. शेजारधर्म पुन्हा उभा करण्यास त्याचा काहीच उपयोग नाही. उलट, आकाशातील सत्तेमुळे विजय जितका त्वरेने मिळतो, तितकी भूमीवरील व्यवस्था आधीपासून सिद्ध ठेवण्याची जबाबदारी वाढते. पुढे कूच करणाऱ्या फौजेमागे प्रत्येक तालुक्याच्या गावी दहा-वीस शिस्तीचे शिपाई व एक निःपक्षपाती अधिकारी असता, तर त्या हजारांपैकी कित्येक वाचले असते. पाच दिवसांच्या युद्धास पाच दिवसांत सिद्ध होणारी मुलकी व्यवस्था हवी होती, आणि ती नव्हती. युद्धाची आखणी करणाऱ्यांनी आकाशाचा हिशोब बारकाईने केला. गावकुसाच्या आतला हिशोब मात्र राहून गेला.

त्यानंतर सरहद्दही राहिली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. सीना नदी आता दोन राज्यांच्या मधून वाहत नाही. ती दोन जिल्ह्यांची शीव झाली. करोडगिरीचे नाके इतिहासजमा झाले, हाली रुपया नाणेसंग्राहकांच्या पेटीत गेला, आणि १९४८ साली ज्या आष्टीस आगगाडी ठाऊक नव्हती तेथे २०२२ साली अहमदनगरहून रेल्वे येऊन पोहोचली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून साजरा होतो आणि तो व्हावयासच हवा. त्या दिवशी ज्यांनी लढा दिला त्यांचे स्मरण करीत असता, ज्यांचा लढ्याशी संबंध नव्हता आणि तरी ज्यांस त्याची किंमत मोजावी लागली, अशा दोन्हीकडच्या गावकऱ्यांचेही स्मरण व्हावे. पुण्याहून आष्टीपर्यंत अठरा मिनिटांत पोहोचणारी विमाने त्यांच्या दारापर्यंत मात्र पोहोचू शकली नव्हती. तेथे माणसानेच पोहोचावे लागते.